मधोमध उभे केलेले बालक

कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यांचा आपापसांत वाद झाला. आपल्यामध्ये मोठा कोण, हा वादाचा विषय होता. घरी पोहोचल्यावर प्रभूने त्यांना त्याविषयी विचारले, तेव्हा सारे गप्प राहिले. मग प्रभूने एका बालकाला घेऊन त्यांच्या मधोमध उभे केले आणि त्याला कवेत घेतले. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील हा प्रसंग आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. त्यावरून नम्रतेविषयी पुष्कळ प्रवचने झाली आणि ती योग्यच आहेत. परंतु त्यातील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शिष्यांचा प्रश्न नेतृत्वाविषयी होता आणि प्रभूचे उत्तर म्हणजे एक बालक होते. ज्या समाजाला आपले पुढारी कसे असावेत हे ठरवायचे आहे, त्याने आपल्यातील सर्वांत लहानाला कोठे उभे केले आहे हे आधी पाहावे, असाच त्या उत्तराचा रोख दिसतो.

आपल्या कित्येक धर्मग्रामांत चर्चच्या आवारात शाळा आहे आणि शाळेला जोडून शिशुवर्ग आहे. मूल्यशिक्षण आणि नेतृत्वगुण हे शब्द अशा शाळांच्या माहितीपत्रकांत ठळक अक्षरांत छापलेले असतात. त्या शब्दांमागे काय असावे, हे ख्रिस्ती समाजालाही एका दिवसात उमगले नाही. गेल्या दोनशे वर्षांत काही धर्मगुरू, काही धर्मभगिनी, एक स्त्री डॉक्टर आणि पुष्कळशी गरीब मुले यांच्याकडून ते हळूहळू शिकावे लागले. त्या शिकण्याचा थोडा इतिहास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ एका धर्मगुरूपासूनच करू. फेर्रान्ते आपोर्ती (१७९१-१८५८) हे उत्तर इटलीतील क्रेमोना येथील धर्मगुरू. त्या काळी कष्टकऱ्यांची दोन-तीन वर्षांची मुले दिवसभर एखाद्या म्हातारीच्या खोलीत कोंडल्यासारखी ठेवलेली असत. ती पडू नयेत आणि हरवू नयेत, एवढीच अपेक्षा असे. आपोर्ती यांनी १८२८ च्या सुमारास क्रेमोना येथे बालशाळा सुरू केली आणि पुढे गरिबांच्या मुलांसाठीही तिचे दार उघडले. प्रार्थना, गाणे, वस्तूंची नावे, स्वच्छता आणि खेळ असा तेथील क्रम होता. १८३३ मध्ये त्यांनी अशा शाळांसाठी मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या ह्या कामाचे सर्वत्र स्वागत झाले असे मात्र नाही. लहान मूल आईच्या मांडीवरून का उचलायचे, प्रॉटेस्टंट इंग्लंडमधून आलेली ही कल्पना आपण का घ्यायची, अशा शंका खुद्द ख्रिस्तसभेतूनच निघाल्या. १८४४ मध्ये शिक्षणपद्धतीवर व्याख्याने देण्यासाठी ते तुरीन येथे गेले, तेव्हा तेथील आर्चबिशप फ्रान्झोनी यांनी त्यांना तीव्र विरोध केला. तरीही त्यांच्या शाळा इटलीभर पसरल्या. आयुष्याची पहिली पाच-सहा वर्षे ही केवळ सांभाळण्याची वर्षे नव्हेत, घडण्याची वर्षे आहेत, हे एका धर्मगुरूने कृतीने दाखवून दिले होते. पुढे मात्र अशा पुष्कळ शाळांतून बाके आणि पाठांतर यांचेच राज्य वाढले. मुलांना शाळा मिळाली, पण त्या शाळेत त्यांना हलता येईना.

ह्यानंतरचा महत्त्वाचा दिवस ६ जानेवारी १९०७. त्या दिवशी प्रभूप्रकटीकरणाचा, आपल्याकडे ज्याला तीन राजांचा सण म्हणतात तो सण होता. रोममधील सान लोरेन्झो ही मजुरांची वस्ती. तेथील जुन्या पडक्या इमारती एका संस्थेने दुरुस्त करून भाडेकरूंना दिल्या. आईबाप कामावर जात आणि मागे राहिलेली मुले जिन्यांवर धावत व नव्या भिंती खराब करत. भिंती वाचवायच्या तर मुलांना एका खोलीत बसवणे भाग होते. मुलांचे कल्याण हा विचार मागाहून आला, आधी चिंता होती ती चुन्याच्या गिलाव्याची! हे काम डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे सोपवण्यात आले. १८७० साली जन्मलेल्या ह्या कॅथलिक बाईंनी १८९६ मध्ये रोमच्या विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली होती आणि मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांमध्ये काम केले होते. तीन ते सात वर्षे वयाची पन्नासेक मुले, एक खोली आणि प्रशिक्षण नसलेली एक तरुणी, एवढ्या भांडवलावर 'बालकांचे घर' उघडले.

त्या घराची नियमावली आजही वाचण्यासारखी आहे. शुल्क नव्हते. परंतु आईने मुलाला वेळेवर, स्वच्छ अंगाने व स्वच्छ कपड्यांत पाठवावे, शिक्षिकेचा मान राखावा आणि आठवड्यातून एकदा तरी तिच्याशी मुलाविषयी बोलावे, असे बंधन होते. शिक्षिकेने त्याच इमारतीत राहायचे होते. संस्कार हा शाळेने घराकडून विकत घ्यायचा किंवा घराने शाळेवर ढकलायचा माल नाही, हे त्या साध्या नियमांत गृहीत धरले होते. ज्या जिन्यावरून मूल उतरते त्याच जिन्यावरून शिक्षिका उतरते, आणि मूल दोघींनाही पाहते.

त्या घरात काय घडले हे माँटेसरी यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्यांतील तीन प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील दट्टे काढून पुन्हा बसवण्यात गुंग झाली होती. इतर मुलांना तिच्याभोवती गाणे म्हणत फिरायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे लक्ष ढळले नाही. चव्वेचाळीस वेळा तिने ते काम केले आणि मग आनंदी चेहऱ्याने मान वर केली. लहान मुलाचे मन चंचलच असते असे मानणाऱ्या मोठ्यांना ते दृश्य नवे होते.

दुसरा प्रसंग नाक पुसण्याचा. माँटेसरी यांनी एके दिवशी मुलांना रुमालाने, आवाज न करता नाक कसे पुसावे हे सावकाश करून दाखवले. एकही मूल हसले नाही. धडा संपताच मुलांनी टाळ्यांचा गजर केला. त्या थक्क झाल्या. मग त्यांच्या ध्यानात आले की ह्या एका गोष्टीवरून मुलांना नेहमी बोलणी खावी लागतात, चारचौघांत लाज वाटते, पण ती कशी करायची हे त्यांना शांतपणे कोणीच शिकवलेले नसते. स्वच्छतेचा उपदेश त्यांनी पुष्कळ ऐकला होता. त्या दिवशी मात्र त्यांना मान मिळाला होता. मूल्य लहान मुलापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते हे ह्याहून स्पष्ट सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही.

तिसरा प्रसंग कपाटाचा. साहित्याचे कपाट कुलपात असे आणि शिक्षिका ते उघडून वस्तू वाटत असे. एकदा कुलूप लावायचे राहून गेले आणि शिक्षिका उशिरा आली. पाहते तो मुलांनी कपाट उघडून आपापल्याला हवे ते साहित्य घेतलेले! तिला ती चोरी वाटली व तिने शिक्षेची भाषा केली. माँटेसरी यांना त्यात निवड दिसली. त्यानंतर उंच कुलूपबंद कपाट गेले आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटे आली. वस्तू घ्यावी, वापरावी, पुन्हा जागेवर ठेवावी, दुसरा वापरत असेल तर थांबावे, हे मुले त्या कपाटापाशी शिकली. प्रामाणिकपणा, संयम आणि दुसऱ्याचा विचार हे गुण येथे फळ्यावर लिहावे लागले नाहीत. चार वर्षांच्या मुलाने तीन वर्षांच्या मुलाच्या एप्रनची गाठ बांधून द्यावी, हेही तेथे घडू लागले, कारण वेगवेगळ्या वयांची मुले एकाच खोलीत होती. त्यांच्यातून कोणी पुढारी नेमलेला नव्हता. ज्याला येत होते तो ज्याला येत नव्हते त्याच्या उपयोगी पडत होता. शिक्षिकेलाही माँटेसरी यांनी वेगळे नाव दिले. ती शिकवणारी नसून वाट दाखवणारी असावी, तिने कमी बोलावे आणि अधिक पाहावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

योगायोग असा की त्याच सुमारास रोममध्येच आणखी एक दार उघडले. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० रोजी काढलेल्या आज्ञेने प्रथम ख्रिस्तशरीर घेण्याचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. तोपर्यंत अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, कित्येकदा चौदा वर्षांपर्यंत थांबवले जात असे. जणू पवित्र भोजन हे शहाणपणाचे बक्षीस होते! साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतील भेद कळणाऱ्या मुलाला वेदीपासून दूर ठेवू नये, असा त्या आज्ञेचा आशय होता. मुलाला कळते, त्याच्यापाशी देव बोलू शकतो, हे सान लोरेन्झोच्या खोलीत दिसत होते आणि पीटरच्या आसनावरूनही सांगितले जात होते.

धर्मभगिनींचा वाटा येथे विसरता येणार नाही. २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपात मेस्सिना शहर उद्ध्वस्त झाले. तेथील साठेक अनाथ मुलांना रोममध्ये फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी ह्या संघाच्या भगिनींनी आपल्या मठात आसरा दिला आणि त्यांच्यासाठी माँटेसरी यांचे बालघर तेथे सुरू झाले. आईबापांची, गावाची, स्वतःच्या नावाचीही आठवण हरवलेली ती मुले हळूहळू पुन्हा जेवू, झोपू आणि हसू लागली. वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण ह्या संघाचा जन्म भारतात, निलगिरीवरील उटी येथे झाला आहे. माता मेरी ऑफ द पॅशन यांना पोप नववे पायस यांनी तो स्थापण्याची अनुमती दिली ती ६ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे सान लोरेन्झोच्या घराआधी बरोबर तीस वर्षे आणि त्याच सणाच्या दिवशी.

पुढचा टप्पा स्पेनमधील बार्सिलोना. १९१५ नंतरच्या वर्षांत तेथे माँटेसरी पद्धत प्रथमच धर्मशिक्षणाला लावण्यात आली. मुलांसाठी एक स्वतंत्र खोली सजवली गेली. तिला 'अॅट्रियम' हे नाव मिळाले. प्राचीन बॅसिलिकांच्या पुढ्यात जे अंगण असे, त्याचे हे नाव. त्या खोलीत मुलांच्या उंचीची छोटी वेदी आणि छोटी उपकरणे होती. बाहेर शेताच्या तुकड्यात मुलांनी गहू पेरला आणि द्राक्षांचे वेल लावले. त्यांनी ते वाढताना पाहिले, कापणीचा उत्सव केला आणि त्याच गव्हाची भाकर वेदीवर गेली. मिस्साबलिदानाच्या अर्पणविधीत आपण धरणीचे फळ आणि मानवाच्या श्रमाचे फळ म्हणतो, ते त्या मुलांच्या हातांनी ओळखले होते.

ह्या पद्धतीला ख्रिस्तसभेतून आक्षेप आले नाहीत असे नाही, आणि ते आक्षेप सारेच पोकळ नव्हते. मुलाला मोकळे सोडले की ते आपोआप चांगलेच होईल असे मानणे हे आदिपापाचा सिद्धांत नाकारणे नव्हे काय, असा प्रश्न विचारला गेला. पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९२९ च्या शिक्षणविषयक परिपत्रात कृपेला आणि शिस्तीला बाजूला सारणाऱ्या निसर्गवादी शिक्षणाचा निषेध केला, तेव्हा कित्येकांनी बोट माँटेसरींकडे दाखवले. आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर त्या बुटक्या कपाटापाशीच आहे. तेथील मुलाला निवडीची मोकळीक होती, पण वस्तू फेकण्याची किंवा दुसऱ्याचे काम मोडण्याची नव्हती. मोकळीक आणि मोकाट यांतील अंतर तीन वर्षांच्या मुलालाही समजते, मात्र ते समजावणाऱ्या मोठ्या माणसाने आधी स्वतःला आवरलेले असावे लागते. आदिपापाचा सिद्धांत केवळ मुलाला लागू नाही. शिक्षकाच्या रागाला, पालकाच्या हौसेला आणि व्यवस्थापकाच्या अहंकारालाही तो लागू आहे.

नेतृत्वाच्या नावाखाली बालकाचे काय होऊ शकते, ह्याची कसोटीही ह्याच इतिहासात आहे. इटलीत मुसोलिनीची सत्ता आली. त्याला 'दूचे' म्हणत, म्हणजेच नेता. १९२४ पासून त्याने माँटेसरी शाळांना आश्रय दिला आणि माँटेसरी यांनी तो स्वीकारला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु १९२६ मध्ये स्थापन झालेल्या बालिल्ला संघटनेतून मुलांना गणवेश, संचलन आणि नेत्याची जयघोषणा शिकवली जाऊ लागली. ज्या हातांना निवडायला शिकवले त्यांना आता फक्त सलामी द्यायची होती. दोन्ही गोष्टी एका छपराखाली नांदणे शक्य नव्हते. १९३४ मध्ये माँटेसरी इटली सोडून गेल्या आणि तेथील त्यांच्या शाळा बंद झाल्या. एका रांगेत चालणारी लहान मुले पाहून ज्यांना नेतृत्वाचे शिक्षण झाल्यासारखे वाटते, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

१९३९ मध्ये माँटेसरी मद्रासला आल्या. वर्षभरात इटली युद्धात उतरली आणि त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांचे पुत्र मारियो यांना आपल्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या अहमदनगर येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि ३१ ऑगस्ट १९४० रोजी, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारने त्यांना सोडले. पुढील वर्षांत ह्या मायलेकांनी भारतात हजाराहून अधिक शिक्षकांना तयार केले.

मराठी भूमीत मात्र ही कल्पना त्यांच्या आधीच पोहोचली होती. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी ती खेड्यात आणली. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळ बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. वाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ह्या शब्दाचे मूळ तेथे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून तो देशभर गेला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. महागड्या साहित्याऐवजी शंखशिंपले, बिया, पाने, खडे आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. बार्सिलोनाच्या मुलांना मिळालेले प्राचीन अंगण आणि बोर्डीच्या मुलांचे शेणाने सारवलेले अंगण यांत काही देवाणघेवाण झाली असे आम्ही सुचवत नाही. ताराबाई आणि अनुताई ख्रिस्ती नव्हत्या, हेही उघड आहे. पण मूल येत नाही म्हणून त्याच्याकडे आपण जायचे, ही रीत हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याशी किती जवळची आहे! कोसबाड वसईपासून दूर नाही. आपल्यातील किती शाळाचालकांनी ती टेकडी चढली असेल?

ह्या मेंढपाळाचीच गोष्ट पुढे पुन्हा रोममध्ये ऐकू येते. १९५४ मध्ये हिब्रू भाषेच्या व बायबलच्या अभ्यासक सोफिया काव्हालेत्ती (१९१७-२०११) यांनी माँटेसरी यांच्या सहकारी जान्ना गोब्बी यांच्यासह लहान मुलांच्या धर्मशिक्षणाला आरंभ केला. सहा वर्षांखालील मुलांना उत्तम मेंढपाळाची लाकडी मूर्ती, मेंढरे आणि कोंडवाडा दिला. मुले तेथे पुन्हा पुन्हा परतू लागली. काव्हालेत्ती यांना आढळले की ह्या वयात मुलाला सर्वांत अधिक भावते ते हे, की मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो. आज्ञा आणि कर्तव्ये यांची वेळ नंतर येते. आधी मुलाला आपण ओळखले गेलो आहोत, ही खात्री हवी असते.

आता आपल्याकडे वळू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. ह्या वयाकडे आता सर्वांचेच लक्ष जाईल आणि आपल्या शाळांनाही ते द्यावे लागेल. अशा वेळी वरील इतिहास आपल्यापुढे काही रोखठोक प्रश्न ठेवतो. तीन वर्षांच्या मुलाला आईच्या कडेवरून उतरवून त्याची 'मुलाखत' घेणारी शाळा त्याला मधोमध उभे करते की उंबऱ्याबाहेर? चौथ्या वर्षी एकाच्या छातीवर 'लीडर' असा बिल्ला लावून उरलेल्या एकोणचाळीस मुलांना आपण काय शिकवतो? शिशुवर्गाच्या बाईंना शाळेतील सर्वांत कमी वेतन आणि सर्वांत खालची खुर्ची देऊन, त्यांच्याकडून सर्वांत मोठ्या कामाची अपेक्षा कशी धरावी? मुलाच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर नळ, रुमालाची खुंटी आणि कपाट आहे काय? आणि शाळेचे व्यवस्थापक असलेले आम्ही धर्मगुरू वार्षिक स्नेहसंमेलनातील हार स्वीकारण्यापलीकडे त्या वर्गात कधी जमिनीवर बसतो काय?

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. खुंटी खाली आणायला एक खिळा पुरतो. मोठ्या मुलांनी आठवड्यातून एक तास लहानांच्या वर्गात मदतीला जावे, एवढ्याने दोन्ही वर्गांचे शिक्षण होते. आईबापांना बक्षीससमारंभाऐवजी आठवड्याच्या गप्पांसाठी बोलावता येते. गव्हाचे वाफे नसले तरी वसईच्या वाडीत मोगरा आणि केळ आहे, आणि मुलाने लावलेल्या रोपाचे पहिले फूल पवित्र मातेच्या वेदीवर जाऊ शकते. खर्च येतो तो फक्त आपल्या मोठेपणाचा.

येत्या वर्षाची प्रवेशप्रक्रिया ठरवण्यासाठी जेव्हा धर्मग्राम परिषदेची किंवा शाळासमितीची बैठक भरेल, तेव्हा इमारत, शुल्क आणि निकाल यांच्या आधी शिशुवर्गाचा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे. त्या बैठकीत शिशुवर्गाच्या बाईंनाही बसवावे, आणि प्रथम त्यांना बोलू द्यावे.